दोन बिअर्डी एका पेटीत: ‘मिठी’, हात हलवणं आणि काळी दाढी

मेलबर्नमधल्या एका मराठी आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात नऊ महिन्यांचे दोन बिअर्डेड ड्रॅगन (‘बिअर्डी’, म्हणजे गळ्याशी दाढी असलेले ऑस्ट्रेलियन सरडे) आहेत, बंड्या आणि बबडी. विकणाऱ्याने ‘भाऊ-बहीण’ म्हणून दिलेले, पिल्लं असल्यापासून चार फुटी काचपेटीत एकत्र. बंड्या बबडीच्या अंगावर चढून बसतो, मुलगा म्हणतो मिठी मारतोय. बबडी त्याला बघून हात हलवते. बंड्याची दाढी काळी होते. हल्ली बबडी काचेवर पंजे मारत उभी राहते, कोपरे उकरते, खात नाही, मधूनच झोपून असते. यांची मैत्री आहे ना? आणि थंडी सुरू झाली म्हणून ती उदास आहे का?

ताई, आधी काम सांगते, मग कारण. बबडीला आजच वेगळी करा. दुसरी पेटी येईपर्यंत मोठं प्लॅस्टिकचं खोकं चालेल, पण दुसऱ्या खोलीत आणि स्वतःच्या दिव्याखाली. आणि दोन दिवसांत तिला सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या. मी इथे जनावरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं नर्स आहे. दर हिवाळ्यात अशी ‘एकमेकांशिवाय करमत नाही’ म्हणणारी जोडी आमच्या टेबलावर येते. त्यातलं एक गुबगुबीत असतं आणि दुसऱ्याच्या शेपटीच्या बुंध्याचं हाड बोटाला लागतं.

मिठीपासून सुरू करू. या प्राण्याला खाल्लेलं पचवायलासुद्धा अंग पस्तीस-छत्तीस अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि ती उष्णता बाहेरूनच घ्यावी लागते. तुमच्या पेटीत ऊबदार जागा एकच, दिव्याखालची फांदी. बंड्याला दिव्याच्या जास्तीत जास्त जवळ जायचंय, आणि ती जागा सध्या बबडीच्या पाठीवर आहे, एवढाच त्या मिठीचा अर्थ. खालच्या बबडीला उष्णता कमी मिळते, यूव्हीबी (हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) तर जवळजवळ मिळतच नाही, कारण वर बंड्याची सावली. मग पचन मंदावतं, भूक मरते, वजन उतरतं. वजन उतरलं की बंड्या आणखी मोठा दिसतो आणि ती आणखी दबते. भांडण नाही, आवाज नाही, रक्त नाही. म्हणून घरच्यांना महिनोन् महिने कळत नाही.

हा प्राणी मूळचा इथलाच. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या आतल्या कोरड्या पट्ट्यातला, आपल्या व्हिक्टोरियात वायव्येच्या मॅली भागात सापडतो. वसंतात मिल्ड्युराकडे गाडीने गेलात तर रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबांकडे लक्ष ठेवा. खांबाच्या टोकावर दाढीवाला बसलेला दिसेल, पण एका खांबावर एकच. पुढचा भेटेल तो बऱ्याच अंतरावर. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही आपली म्हण तिकडे शब्दशः खरी आहे. कुंपण गाठलं की त्याला ऊन मिळतं, टेहळणी करता येते आणि आपण कोण आहोत हे चार दिशांना दाखवता येतं. १९७१ साली बेयार्ड ब्रॅटस्ट्रॉम या अमेरिकी संशोधकाने याच्या पूर्वेकडच्या भावंडाचं (ईस्टर्न बिअर्डेड ड्रॅगन या वेगळ्या जातीचं) सामाजिक वागणं आणि ऊन घेण्याची पद्धत एकाच निबंधात अभ्यासली. मला ती जोडी फार पटते. या प्राण्याचे एकमेकांशी असलेले संबंध उन्हाच्या जागेवरून ठरतात, आणि आपण त्यांना एकच खांब देऊन वर दोघांना ठेवतो.

आता बबडीचा ‘हाय’. पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवणं, मग खाली ठेवणं, कधी लगेच दुसरा उचलणं. समोरच्या मोठ्याला सांगणं असं की मी तुला पाहिलंय, तुझ्या जातीचीच आहे, मला भांडायचं नाही. पिल्लं हे सर्रास करतात, माद्या करतात, दबलेले नरही करतात. एखादी बिअर्डी तुम्हाला बघून वर्षातून दोनदा हात हलवत असेल तर कौतुक करा. पण बबडी दिवसातून अनेकदा, त्याच एका प्राण्यासमोर, फांदी सोडून देत हात हलवत असेल, तर ती दिवसभर माफी मागत जगतेय.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण हिच्यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. मुद्दाम हलवलेला हात संथ आणि डौलदार असतो, पूर्ण खांद्यातून फिरतो, आणि समोर कोणीतरी असतं, निदान काचेतलं प्रतिबिंब तरी. याउलट बोटं तटतट उडणं, पाय आपोआप थरथरणं, चालताना मागचे पाय लटपटणं, हा हात हलवणं नव्हेच. तो कॅल्शियम कमी पडल्याचा थरकाप असू शकतो, म्हणजे हाडं मऊ होण्याच्या आजाराची सुरुवात. एका बाईंनी मला मोठ्या कौतुकाने व्हिडिओ दाखवला होता, ‘आमचा राजा सगळ्यांना टाटा करतो’. राजा टाटा करत नव्हता, त्याचा खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा वाकत होता. तो वाचला, पण जबडा वाकडाच राहिला. शंका असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि व्हेटला दाखवा. टेबलावर घाबरलेलं जनावर घरातली हालचाल करून दाखवत नाही.

मान डोलावणं हा याचा जोडीदार संकेत. जोरजोरात, अख्खा पुढचा भाग उठबस करत, दाढी काळी करून डोलावतो तो वयात आलेला नर: एकतर ‘इथला मालक मी’ किंवा मादीला बोलावणं. हळू, छोटं, एकदोनदा डोकं हलवणं बहुधा कबुलीचं असतं. ते माद्या आणि लहान प्राणी करतात. माझं लहानपण साताऱ्यात गेलं. चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याआधीच्या उन्हात दगडावर बसून निळा-काळा-केशरी गळा पंख्यासारखा उघडणारे नर आम्ही शाळेत असताना पाहिले होते. २०१६ साली त्यांचं नव्याने वर्गीकरण झालं तेव्हा त्या गटाला शास्त्रज्ञांनी नावच ‘सराडा’ दिलं, आपल्या सरड्यावरून, आणि चाळकेवाडीचा तो सराडा सुपर्बा झाला. तो, आपल्या कुंपणावरचा मान डोलावणारा सरडा आणि तुमचा बंड्या एकाच अगॅमिडी कुटुंबातले. त्यामुळे गावाकडे सरड्याची ‘नमस्कार’ करणारी मान पाहिली असेल तर बंड्याची निम्मी भाषा तुम्हाला येतेच.

दाढी. हिच्याबद्दल इंटरनेटवर ‘काळी म्हणजे राग’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीने बरेच घोटाळे होतात. काळी दाढी म्हणजे आत काहीतरी जोरात चाललंय, एवढंच खरं. ते काय आहे हे बाकीच्या शरीरावरून आणि वेळेवरून ओळखायचं. दाढी काळी, फुगलेली, तोंड उघडं, अंग चपटं करून तुमच्याकडे तिरकं केलेलं: लांब हो. दाढी काळी, पण मान जोरात डोलतेय आणि शेजारी मादी आहे: प्रणय. दाढी काळी, डोळे अर्धे मिटलेले, अंग ढिलं, कोपऱ्यात तोंड खुपसून तासन् तास बसलेला: हे दुखणं, आणि तिन्हींत घाई करायची ती याची. सकाळी दिवा लागल्यावर सगळं अंगच गडद होणं मात्र वेगळं. ते ऊन शोषून घेण्यासाठी. आपल्याच मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे वेगवेगळं करून दाखवलं: पाठीचा रंग मुख्यतः तापमानानुसार बदलतो, गळा आणि छातीचा रंग समोर कोण आहे त्यानुसार. म्हणजे पाठ पाहून तापमान ओळखायचं आणि दाढी पाहून मनःस्थिती. तुमच्या बंड्याची फक्त दाढी काळी होते, पाठ फिकी राहते, आणि समोर बबडी असते, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तो तिला हाकलतोय किंवा मागे लागलाय. तिच्यासाठी दोन्ही वाईट.

तोंड उघडं ठेवून बसण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बंड्याचं लवकरच दिसेल. दिव्याखाली अंग पुरेसं तापलं की ते तोंड उघडून उष्णता बाहेर टाकतात. दाढी फिकी, अंग निवांत. चांगलं लक्षण आहे, तापमान बरोबर असल्याची पावती. पण थंड बाजूला बसून तोंड उघडं, मान वर ताणलेली, श्वासाला चटचट आवाज किंवा तोंडात चिकट लाळ असेल तर फुप्फुसाचा संसर्ग समजून त्याच दिवशी निघा.

अंग पोळीसारखं चपटं करणं एकट्याने, दिव्याखाली, सकाळी असेल तर ऊन घेणं. दुसऱ्यासमोर तिरकं होऊन असेल तर मी बघ केवढा. शेपटीचं टोक वर वळलेलं म्हणजे सावध, शिकारीवर नजर. पिल्लांच्या पोटावरच्या गडद रेषा म्हणजे ताण किंवा थंडी. डोळे क्षणभर बाहेर फुगवणं कात टाकायच्या दिवसांत दिसतं, पहिल्यांदा पाहिलं की जीव जातो आपला, पण त्याला काही होत नाही.

आता बबडीचं काचेवर चढणं आणि ‘उदासपण’. इथे मला खरी काळजी आहे.

मे-जूनमध्ये, म्हणजे इथली थंडी सुरू होताना, बिअर्डी मंद होतात हे खरं. थंडीत ते एक प्रकारची निद्रा घेतात, आठवडे झोपतात, खात नाहीत, आणि मेलबर्नच्या घरात रात्री पारा पंधराच्या आसपास उतरला की शरीर तो इशारा घेतंच. पण पहिल्या वर्षात बहुतेक जण तशी झोप घेत नाहीत, निदान पूर्ण घेत नाहीत. शिवाय झोपायला निघालेला प्राणी थंड, अंधारी जागा शोधतो आणि पडून राहतो. काचेवर उभा राहून धडपडत नाही. बबडी दोन्ही करते. काचेवर धडपडणं म्हणजे तिला तिथून बाहेर पडायचंय. कधी प्रतिबिंबामुळे होतं, कधी पेटीत गार बाजूच उरली नसेल तर होतं, पण दोघं एकत्र असताना मी पहिलं कारण शेजारी धरते.

आणि दुसरं कारण अंडी. नऊ महिन्यांची मादी, सोबत वयात आलेला नर, खाणं बंद, कोपरे उकरणं, काचेवर अस्वस्थ फिरणं: हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की तुमचा प्रश्न वाचताना दुसऱ्याच ओळीला थांबले. ‘भाऊ-बहीण’ असण्याने त्यांना काही फरक पडत नाही. नर नसतानाही मादी निष्फळ अंडी घालते, आणि नराने एकदा गाठली की तेवढ्यावर पुढच्याही खेपा होऊ शकतात. इतक्या लहान मादीच्या हाडांतलं कॅल्शियम त्या कवचांत जातं. उकरायला खोल ओलसर माती मिळाली नाही तर अंडी आत अडकतात, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय उपाय नसतो किंवा वेळच नसतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना हलक्या बोटाने बघा, दाबू नका. बोरांएवढ्या गाठी लागल्या तर उद्याची वाट न पाहता दवाखाना. तोवर एका खोल टबात वाळू-मातीचं मिश्रण, निदान वीतभर, मुठीत दाबलं की गोळा राहील एवढं ओलं करून तिच्याजवळ ठेवा, वर जाड कापड टाकून आडोसा करा. उकरताना बघत बसू नका. घातलीच आणि पिल्लं नको असतील तर अंडी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये.

पण बंड्या नर आहे हे नक्की आहे का? शेपूट पाठीच्या दिशेने अलगद, हलकी कमान होईल एवढीच, वर उचला आणि मोबाइलचा टॉर्च शेपटीच्या वरून लावा. खालच्या बाजूला बुंध्याशी दोन उभे फुगवटे आणि मध्ये खाच दिसली तर नर. काही नसेल किंवा मधोमध एकच हलका उंचवटा असेल तर मादी. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. पिल्लांत ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड. त्यात या जातीची एक गंमत आहे: अंडी साधारण बत्तीस अंशांपेक्षा जास्त उष्णतेत उबवली तर जनुकांनी नर असलेलं पिल्लू मादी होऊन बाहेर येतं. २०१५ मध्ये हे रानातल्या प्राण्यांतही सापडलं. नंतरच्या अभ्यासात अशा माद्या साध्या माद्यांपेक्षाच नव्हे, नरांपेक्षाही धीट आणि जास्त हालचाल करणाऱ्या दिसल्या. म्हणून ‘दोन्ही माद्या आहेत, मग चालेल ना’ याला माझं उत्तर नाहीच असतं. दोन नर उघड भांडतात, दोन माद्या गुपचूप. पिल्लं तर एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं खातात, आणि पालीसारखी यांची शेपूट परत वाढत नाही.

मुलाचा प्रश्न उरला: बंड्या आपल्याला ओळखतो का? ओळखतो, आणि हे मी गोड बोलण्यासाठी सांगत नाही. रोज खायला वुडी झुरळं (इथे खाद्य म्हणून मिळणारी छोटी झुरळं) घेऊन येणारा हात आणि पिंजरा साफ करणारा हात ते वेगळे ओळखतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात झालेल्या प्रयोगात एका शिकवलेल्या बिअर्डीला डोक्याने जाळीचं दार सरकवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनीही ते सरकवलं; ज्यांच्यासमोर ते घडलं नाही त्यांना जमलं नाही. तेव्हा बुद्धी आहे, बघून शिकणं आहे. सोबतीची ओढ मात्र आहे असं मला चौदा वर्षांत एकदाही दिसलं नाही. कुरवाळताना डोळे मिटतो म्हणजे त्याला आवडतं, हेही मी छातीठोक सांगणार नाही. अंग सैल, दाढी फिकी, हात बाजूला घेतल्यावरही तिथेच बसून राहिला तर ठीक. पण अंग ताठ, पोट हातापासून उचललेलं आणि डोळे घट्ट मिटलेले असतील तर तो फक्त हे संपायची वाट बघतोय. मुलाला एवढंच शिकवा: वरून झडप घालायची नाही. डोक्याच्या मध्यावर बारीक ठिपका दिसतो तो त्यांचा तिसरा डोळा, चित्र दिसत नाही पण वरून आलेली सावली कळते, आणि रानात वरून येते ती घार. हात बाजूने, खालून, त्याला दिसेल असा न्यायचा आणि पोटाखाली सरकवायचा. रात्री झोपेत पापण्या थरथरताना दिसल्या तर उठवायचं नाही. फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेत २०१६ मध्ये याच जातीत आपल्या स्वप्नांच्या वेळेसारखी झोप सापडली. बंड्या काय स्वप्न बघतो ते मुलाला ठरवू द्या.

वेगळं केल्यावर काय होईल ते सांगते, म्हणजे घाबरणार नाही. दोन्ही पेट्या समोरासमोर ठेवू नका. एकाच खोलीत ठेवाव्याच लागल्या तर मध्ये पुठ्ठा लावा, नाहीतर काचेतूनही दबाव चालूच राहतो. बंड्या दोन-चार दिवस मान डोलावत शोधेल. घरातले सगळे म्हणतील ‘त्याला तिची आठवण येते’. तो हद्द तपासतोय. बबडी काचेतल्या स्वतःलाच हात हलवेल. तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. प्रत्येकाला स्वतंत्र दिवा, फांदीच्या पृष्ठभागावर अडतीस ते बेचाळीस अंश, दुसऱ्या टोकाला चोवीसच्या आसपास, आणि ते हाताने नाही, टेम्प गनने (लांबून रोखून तापमान दाखवणाऱ्या यंत्राने) मोजायचं. यूव्हीबी ट्यूब दोघांना वेगळी. खिडकीतलं ऊन धरू नका, काच यूव्हीबी अडवते. हे प्राणी पाळायचा परवाना लागत असेल तर दोघांची नोंद त्यावर आहे ना ते बघा.

किचनच्या डिजिटल काट्यावर दोघांचं वजन आजच घ्या आणि दर रविवारी, खाण्याआधी, त्याच वहीत लिहा. पुढे कधी खरी हिवाळी झोप लागली आणि तेव्हा दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती झोप नव्हे. व्हेटकडे जाताना पेटीचा एक फोटो, दिव्याखालच्या तापमानाचा एक फोटो, काचेवर धडपडण्याचा व्हिडिओ आणि ताजी विष्ठा न्या. जंत तपासायला लागते. ती झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवलीत तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्या एका काकांनी ती चटणी समजून बाहेर काढली होती.